तरोट्याची चकती

बागेत रंगवलेले दगड ठेवल्याचा तुमचा व्हिडिओ मी अजून फोनमधून काढलेला नाही. त्यात धाकटा बाकाखाली वाकून एक निळा दगड ठेवतो, मग वर बघतो आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणतो, "आजी, हा कोणाला पण सापडेल." दगडावर मासा आहे. मोठीनं मागच्या बाजूला 'तू छान आहेस' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय. कोणी अनोळखी माणूस तो उचलेल आणि त्याचा दिवस थोडा बरा जाईल, एवढंच तुमच्या मनात होतं. तुम्ही मला विचारलं होतं, तुमच्या नेरमध्ये असं करतात का? मी म्हटलं होतं, करून पाहते आणि कळवते. केलं, पण कळवायचं राहून गेलं.

तुमची आई हे वाचून दाखवेल. जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे मला हे तुमच्या भाषेत लिहिता आलं असतं. पण यात लहान आजीचं बोलणं आहे, आणि ते इंग्रजीत घातलं की ती दुसरीच कोणी बाई वाटायला लागते.

लहान आजी म्हणजे माझी धाकटी बहीण. तुम्ही तिला आमच्या घरी पाहिलंय; तुम्हाला अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा भाजून देणारी तीच. वडिलांनी मला नागपूरला कॉलेजात पाठवलं तेव्हा ती सातवीत होती. पुढं तिचं लग्न झालं, शेतात राबली, मूल झालं नाही, नवरा गेला, आणि मी शाळेतून निवृत्त झाले त्या सुमारास ती माझ्याकडे राहायला आली. मी मोठी म्हणून ती मला बाई म्हणते. आमच्या भागात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, हे तुम्हाला माहीत आहे. पण डायलिसिस म्हणजे काय ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसावं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आम्ही सकाळच्या बसनं यवतमाळला जातो. तिथं दवाखान्यात तिला मशीनला जोडतात. हातात दोन जाड सुया घालतात, एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुऊन निघतं आणि दुसरीतून परत येतं. अर्धा दिवस त्यात जातो. पायांत असे गोळे येतात की ती ओठ चावून घेते. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडून राहते आणि दुसरा अख्खा दिवस अंथरुणात असते. तिसऱ्या दिवशी जरा माणसात येते, तोवर पुन्हा जायची वेळ झालेली असते.

पण तिचा खरा छळ तहानेचा. शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही म्हणून पाणी मोजून प्यायचं. मी स्टीलची एक लहान वाटी ठरवून ठेवली आहे. सकाळी एक, जेवताना एक, अशा वाट्या. लिंबू नाही, मीठ नाही, नारळपाणी नाही, फळांचा रस नाही. मे महिन्यात आमच्याकडे ऊन कसं असतं ते तुम्ही एकदाच पाहिलंय. त्या उन्हात ती माठाला पाठ लावून बसायची. म्हणायची, "पेऊ नको म्हणतं त नाही पेत. टेकू त दे."

डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सरळ सांगितलं होतं. हे बरं होणारं नाही. या वयात किडनी बसवण्याचा विचार करता येत नाही. मशीन चालू आहे तोवर ती आहे. मशीन बंद केलं तर आठवडा, फार तर दोन. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे: "मंग कायले जायचं व, बाई?"

तेव्हापासून प्रत्येक सोमवारी आणि प्रत्येक गुरुवारी मला हा प्रश्न आहे. ती साडी नेसते, चप्पल घालते आणि ओट्यावर बसून राहते. मी कधी रागावते, कधी विनवते. बस चुकली की मी रिक्षावाल्याला फोन करते. तुमचा व्हिडिओ आला तेव्हा मी अशीच दमून गेले होते, आणि मला वाटलं, त्या वॉर्डात थोडा रंग गेला तर कदाचित ती आपणहून यायला लागेल. मनापासून सांगायचं तर मी ते अनोळखी माणसांसाठी केलं नाही. तिच्यासाठी केलं.

दगड मला जड वाटले. खाटेला बांधता येईल असं काहीतरी हवं होतं. आमच्या गल्लीतल्या सुताराकडे सागाच्या फांद्यांचे तुकडे पडलेले असतात, त्याच्याकडून पातळ चकत्या कापून घेतल्या. आमच्याकडे सागाला तोटा नाही. पहिल्या चकतीवर मी थेट रंग दिला तर दोन दिवसांत तो पिवळा पडला; लाकडातलं तेल वर आलं होतं. मग पॉलिशपेपरनं घासून, आधी पांढरं अस्तर देऊन, वाळवून, मग रंग. वर एक भोक, त्यात पांढरा दोरा. मागच्या बाजूला काय लिहायचं यावर मी बराच विचार केला आणि शेवटी जे वह्यांवर आयुष्यभर लिहीत आले तेच लिहिलं: शाब्बास. लहान आजी बाजूला बसून बघत होती.

"पास केलं का सगळ्याईले?"

"हो."

"पेपर न तपासता?"

चित्रकला मला येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी सावकाश काम करते आणि रेषा सरळ येईपर्यंत सोडत नाही. त्यातून जे होतं ते होतं.

सकाळच्या पाळीला त्या खोलीत चार खाटा असतात. पहिल्या खाटेवर एसटीचे निवृत्त कंडक्टर. मोठा माणूस, मोठा आवाज, हाताला सुया लावलेल्या असतानाही सगळ्यांना जागा करून देणारा. दुसरीवर तांड्यावरची एक म्हातारी, तिच्यासोबत तिची मुलगी यायची आणि पायाशी बसून "याडी, याडी" म्हणत तिचे पाय चोळायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिसऱ्या खाटेवर पंचविशीचा एक तरुण, मोबाईल दुरुस्त करणारा, सोबत त्याची आई. चौथ्या, खिडकीजवळच्या खाटेवर लहान आजी.

मी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. दुसरी कुठून करणार? हजेरी पहिल्या नंबरापासूनच घेतात. प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला काय काढून हवंय, आणि पुढच्या वेळी आणून द्यायचं. लहान आजीला हे पटलं नाही.

"म्हणजे माहा नंबर शेवटी? घरची म्हणून?"

"तू चौथ्या खाटेवर आहेस. तुझी चौथी."

"रिटायर होऊन इतकी वर्सं झाली, तुही शाळा काही सुटली नाही बाप्पा."

तिनं मात्र आपलं आधीच सांगून ठेवलं होतं. तिला तरोट्याचं फूल हवं होतं. तरोटा तुम्ही पाहिला नसेल. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुठंही उगवतो. पिवळी फुलं, गोलसर पानं. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. कोवळा असताना त्याची भाजी करतात. लहानपणी वस्तीच्या मागच्या बाजूला आम्ही दोघी तो खुडायला जायचो. मी म्हटलं, गुलाब काढते, कमळ काढते. ती म्हणाली, "कमळ तू दुसऱ्या कोणाले दे. मले तरोटा."

कंडक्टरांना लाल बस हवी होती. मी काढली, खिडक्या मोजून काढल्या. ते बघून इतके हसले की सिस्टर धावत आली. "मॅडम, ड्रायव्हर कुठाय? गाडी सोडून चहा प्यायला गेला का?" त्यांनी ती चकती खाटेच्या दांड्याला बांधून घेतली. त्या दिवशी खोलीत सगळे बोलत होते. लहान आजीसुद्धा. परतताना बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं नाही, ताठ बसून आली. मी घरी येऊन तुम्हाला फोन करणार होते, पण तुमच्याकडे शाळेची वेळ होती.

पंधरवडा झाला नसेल, कंडक्टर यायचे थांबले. सिस्टरनं सांगितलं, छातीत दुखलं, घरीच वारले. लाल बस दांड्याला तशीच लटकत होती. ती काढायची कोणी, हे कोणाला कळलं नाही, म्हणून मी काढली आणि पर्समध्ये ठेवली.

तोवर तांड्यावरच्या म्हातारीची चकती तयार झाली होती. तिला तिच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, असते तशी आरशांची नक्षी हवी होती. मी चंदेरी रंगाचे ठिपके दिले. तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. मुलीनं मराठीत सांगितलं, "याडी म्हणते, आरशात तोंड दिसत नाही, बरं झालं." सगळे हसले. म्हातारीला पुढं ताप आला, हातातल्या सुईच्या जागी पू झाला, आणि तीही गेली.

एका सोमवारी तिची मुलगी वॉर्डात आली. आता तिला तिथं काही काम नव्हतं. ती इतक्या लांबून मुद्दाम आली होती. रुमालात बांधलेली चकती तिनं माझ्यासमोर स्टुलावर ठेवली.

"मॅडम, हे तुमचं. याडीचं सगळं तिच्यासंग दिलं. हे तुमचं होतं, म्हणून ठेवलं."

ती भांडायला आली नव्हती. तिच्या रीतीप्रमाणे जे आईचं होतं ते आईबरोबर गेलं, आणि जे परक्याचं होतं ते परत करायला हवं होतं. एवढंच. पण रुमालातून चकती निघाली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ती पाहिली. तिसऱ्या खाटेजवळ बसलेली त्या मुलाची आई उठून उभी राहिली. मुलगी गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, माह्या पोराले नका देऊ."

"काय?"

"थे बिल्ला. आता नंबर त्याचा हाये न. नका देऊ. हात जोडतो मी तुम्हाले."

तिनं खरंच हात जोडले. मुलगा खाटेवरून ओरडला, "आई, काय लावलं तू! मॅडम, तिचं मनावर घेऊ नका." पण त्यानंही चकती मागितली नाही. त्याच्यासाठी मी पतंग काढून आणला होता, तो माझ्या पिशवीत होता. मी पिशवीची चेन लावली. निघताना सिस्टरनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मॅडम, तुमचा हेतू चांगला आहे हो. थोडे दिवस राहू द्या. लोकं घाबरतात." त्या खोलीत माझ्याकडे बघायची पद्धत बदलली होती. मी पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तरी ती आई माझ्या हाताकडे पाहायची.

मला हे सुचलं कसं नाही, असं तुमची आई विचारेल. सुचणार कसं? वडील दीक्षा घेऊन आले तेव्हा घरातले देव त्यांनी नदीत सोडले, आणि देवांबरोबर शकुन-अपशकुन, उतारे, नजर, सगळंच गेलं. चौकात कोणी उतारा म्हणून लिंबू टाकलेलं दिसलं की ते आम्हाला उचलून आणायला लावायचे. आई ते धुऊन त्याचं सरबत करायची आणि वडील भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आमच्यासोबत प्यायचे. गल्लीतली पोरं लांबून बघत राहायची की या पोरी आता रक्त ओकतात का. आम्ही वाढलो त्या सरबतावर. दोऱ्यानं बांधलेली, रंगाचे ठिपके दिलेली लाकडाची चकती आजारी माणसाच्या खाटेला लटकवली तर लोकांना काय आठवेल, हे ज्यांच्या घरात ते सगळं चालत होतं त्यांना लगेच कळलं असतं. मला कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी लहान आजीला समजावत होते. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी समजावत होते. मी सिस्टरकडून माहिती काढली होती. त्या पाळीतल्या खाटा जुन्या-नव्या हिशेबानं दिलेल्या असतात. ज्यांचा आजार सगळ्यांत जुना ते पहिल्या खाटेवर, सिस्टरच्या टेबलाच्या जवळ, कारण त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्यानंतरचे दुसरीवर. म्हणून कंडक्टर आधी गेले आणि मग ती म्हातारी. यात चकतीचा काही संबंध नाही. अगदी सरळ कारण आहे.

ती खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती.

"म्हणजे ज्याचा आजार पुढं गेला, थो पुढच्या खाटेवर."

"हो. तेच म्हणतेय मी."

"मंग चकती द्या का नका देऊ. चौथी मीच न?"

त्या बाईची भीती खोटी होती, पण तिच्यावर उपाय तरी होता: चकती घ्यायची नाही. मी जे खरं कारण शोधून आणलं होतं त्याच्यावर काहीच उपाय नव्हता. आमचा ड्रायव्हर नेर येईपर्यंत उगाच हॉर्न वाजवत होता.

गुरुवारी ती उठली नाही. साडीही नेसली नाही. मी बसची वेळ सांगितली, ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज नाही." सोमवारीही तेच. तिचा चेहरा सुजला, धाप लागायला लागली. पाय दाबला की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. मी तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "तू त्या चकतीला घाबरलीस का? तू?"

"मी कायले घाबरतो? चौकातलं लिंबू पेलेली हावो मी."

"मग?"

तिनं चादर ओढून घेतली. मग म्हणाली, "मानत नाही व मी, बाई. पण तू थे हातात घेऊन माह्यासमोर आली न, त माहा हात पुढं नाही व्हायचा. मले माहीत हाये."

"मग नाही देत. कधीच नाही देत."

"नाही कशी? कबूल केलतं तू." तिनं कूस बदलली, आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यात मला तिचा जुना, खोड्या काढणारा चेहरा दिसला. "असं कर. तू बनव माही. पण पुरी नको करू. जोवर पुरी नाही, तोवर तुही चौथी बाकी हाये. तोवर येतो मी तुह्यासंग."

"हा काय पोरखेळ?"

"मंग राह्यलं. मी झोपतो."

मी उठून रंगांचा डबा आणला. तिच्यासमोर एक चकती घासली, अस्तर दिलं. ती वाळायच्या आत आम्ही रिक्षानं यवतमाळला निघालो होतो.

तिथून पुढं आमचं असंच चालू झालं. जायच्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसून विचारायची, "झाली का माही?" मी म्हणायची, "नाही, देठ राहिलाय," किंवा "पिवळा वाळायचाय," किंवा "पानं बिघडली." मग ती म्हणायची, "मंग चाल," आणि पिशवी घेऊन उठायची. मी काम अर्धवट सोडणारी बाई नाही. ताटात घास ठेवत नाही, शिवणात टाका सोडत नाही. पण ती चकती मी पुन्हा पुन्हा बिघडवली. फूल काढलं की त्यावर पांढरं अस्तर, पुन्हा फूल. रंगावर रंग चढून ती जाड झाली, कडा गोल झाल्या. कधी ती खरंच जवळ घेऊन पाहायची आणि नाक मुरडायची. "हे तरोटा हाये का मेथी? तरोट्याची पानं जोडीजोडीनं असतात. एका देठाले तीन जोड्या. इतक्या वर्षांत भाजीच खाल्ली फक्त, पाह्यलं नाही तू."

मला वाटलं होतं की ही युक्ती तिनं स्वतःसाठी शोधली. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की तिला कधीच यायचं नव्हतं. ती माझ्यासाठी येत होती, आणि येण्यासाठी तिला काहीतरी निमित्त हवं होतं जे हसून सांगता येईल.

तिसऱ्या खाटेवरचा मुलगा पुढं दुसऱ्या शहरात हलला. त्याची आई किडनी देणार होती. निघताना ती लहान आजीच्या पायाशी येऊन रडली, माझ्याशी बोलली नाही. त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. खाटा सरकल्या. लहान आजीला तिसरी दिली, मग दुसरी. गेल्या महिन्यात एका सोमवारी आम्ही गेलो तर सिस्टरनं तिची चादर टेबलाजवळच्या पहिल्या खाटेवर घातली होती. लहान आजी दारात थांबली. म्हणाली, "फस्ट आली व मी, बाई. जन्मात पह्यल्यांदा." आणि जाऊन झोपली.

त्यानंतर मशीनवर असताना तिचा रक्तदाब दोनदा एकदम खाली गेला. एकदा ती मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, असं होत राहणार. हाताची नस बंद पडत चालली आहे, गळ्यात नळी घालून बघू. तिनं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गळ्यात नळी घातल्यावर पाणी पेता येते का?" ते नाही म्हणाले.

या सोमवारी आम्ही परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. मी डबा घेऊन गेले. मला वाटलं तिला बघायची आहे. तिनं चकती हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली.

"किती जड झाली व."

"रंग बसलाय."

"बाई, आता पुरी कर हे."

मी म्हटलं, पिवळा संपलाय. समोरच्या डब्यात पिवळ्याची बाटली अर्धी भरलेली दिसत होती. तिनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीण असून खोटं बोलतं?"

मी रागावले. म्हटलं, तुला काय, तू सुटशील, आणि मी? डॉक्टरांनी नळी सांगितली आहे, एकदा करून बघायला काय जातं? ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तू म्हटलं तोवर आली न मी? एक दिवस तरी चुकवला का, कबूल केल्यावर?"

नाही. एकही चुकवला नव्हता.

"मंग. आता पुरी कर. आणि पानं मिटलेली काढ. संध्याकाळची."

तरोट्याची पानं संध्याकाळ झाली की मिटतात, दोन हात जोडावे तशी जोडीनं एकमेकांवर येतात. लहानपणी आम्हाला उशीर झाला की ती टोपली उचलून म्हणायची, झोपला तरोटा, चाल आता. मी विसरले होते. ती विसरली नव्हती.

काल दिवसभर बसून मी ती पुरी केली. फूल एक, देठ एक, मिटलेल्या पानांच्या तीन जोड्या. एका पानाची रेघ वाकडी गेली आहे, ती मी तशीच ठेवली. मागच्या बाजूला शाब्बास लिहिलं. मी तिच्यापुढं धरली तेव्हा मला तिचे शब्द आठवत होते, की हात पुढं व्हायचा नाही. तिनं हात पुढं केला आणि घेतली. "बरी जमली," म्हणाली. "देठ जरा जाडा हाये. बांध इकडं." मी ती तिच्या खाटेच्या दांड्याला बांधली.

आज गुरुवार आहे. बस गेल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तुमच्या आईला मी सगळं फोनवर सांगितलं आहे. तिकीट मिळालं तर ती येईल. तुम्ही आज-उद्या व्हिडिओ फोन करा, उशीर करू नका. तिला तो निळा दगड पुन्हा पाहायचा आहे. मासा कोणाला सापडला, ते तिनं दोनदा विचारलं. माहीत असेल तर सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणून सांगा.

सकाळी मी सवयीनं स्टीलची वाटी भरून नेली. तिनं ती बाजूला सरकवली.

"बाई, सरबत कर."

मी लिंबू कापलं. साखर घातली, मीठ घातलं, माठातलं पाणी घातलं आणि घरातला सगळ्यांत मोठा गिलास काठोकाठ भरून तिच्याजवळ नेला. मानेखाली हात घालून तिला उठवलं. तिनं वास घेतला.

"चौकातलं हाये का?"

"नाही. बाजारातलं."

"मंग तशी चव नाही यायची," ती म्हणाली, आणि मध्ये न थांबता सगळं प्यायली. मग गिलास माझ्यापुढं धरला, अजून दे म्हणून.